कॅम्पर व्हॅनमध्ये टणक फ्लोअरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची गाडी म्हणजे एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची. आधी ती सहलीच्या गाड्यांत फिरत होती. आम्ही ती घेतली, सीटा काढल्या, आत दोन बेड, ओटा आणि एक कपाट केलं. २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं, त्यानंतर ओळखीपाळखीतून अशाच गाड्या करणाऱ्यांचे फोन सुरू झाले. बेड कसा उघडतो, सोलर किती वॅटचं, हे सगळे विचारतात. फ्लोअरबद्दल विचारतात ते शेवटी, आणि तेही बहुतेक वेळा फर्निचर बसवून झाल्यावर! मग सांगायला फारसं काही उरत नाही.

म्हणून ही प्रश्नोत्तरं. आम्ही एकदा फ्लोअर चुकीचा केला, उखडला आणि पुन्हा केला. खालची उत्तरं त्या दुसऱ्या खेपेनंतरची आहेत.

कार्पेट काय वाईट आहे? गाडीत उबदार वाटतं की.

दुकानातून आणल्या दिवशी छानच वाटतं. दिवेआगरला एक दिवस राहून या. वाळू कार्पेटच्या मुळाशी जाऊन बसते आणि कितीही झटका, पुढचे सहा महिने पायाला लागत राहते. वाळूचं एक वेळ सोसता येईल, पण पावसाळ्यात ओल्या पायांनी आत-बाहेर केलं की कार्पेट खालून ओलं राहतं. वरून कोरडं दिसतं, हीच त्यातली फसवणूक. त्याखालचा पत्रा गंजत जातो आणि आपल्याला कळतं ते वासावरून, म्हणजे बरंच उशिरा. आमच्या गाडीत कार्पेट नव्हतं, जुनं रेक्झिन होतं. पण त्याच्या खालचा फेल्टचा थर उचलला तेव्हा तो हातात भिजलेल्या गोणपाटासारखा आला. गाडी तेव्हा दोन महिने पावसात गेलेली नव्हती.

टणक फ्लोअरिंगमध्ये पर्याय कोणते? दुकानदार दहा नावं सांगतो.

नावं दहा असली तरी जाती मोजक्याच आहेत.

व्हिनाइल शीट: गुंडाळीत येते, दीड ते तीन मिमी जाड. बस आणि दवाखान्यात असते ती. एकसंध अंथरता येते, म्हणजे पाणी खाली जायला सांधाच नाही. दिसायला साधी, त्यामुळे फोटोत उठून दिसत नाही.

एलव्हीटी म्हणजे व्हिनाइलच्या चिकटवायच्या पट्ट्या, साधारण दोन-तीन मिमी. लाकडासारखी छपाई असते. सांधे बरेच येतात, पण एखादी पट्टी खराब झाली तर तेवढीच बदलता येते. हा मोठा फायदा आहे.

एसपीसी: चुनखडीची पूड आणि पीव्हीसी दाबून केलेल्या, एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या. सध्या प्रत्येक फ्लॅटमध्ये हीच दिसते. पाण्याने फुगत नाही, कडक असते. जड असते. गाडीत चालते, पण अटी आहेत, त्या पुढे येतील.

लॅमिनेट, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतात: आत दाबलेल्या भुशाचा, म्हणजे एचडीएफचा गाभा. सांध्यातून पाणी गेलं की कडा फुगतात आणि फुगलेली कड परत बसत नाही. कोकणात किंवा गोव्यात जाणाऱ्या गाडीत हे बसवू नका. विषय संपला.

खरं लाकूड: सागाच्या पातळ पट्ट्या लावलेली एक गाडी मी पाहिली आहे. सुंदर होती. मालक दर वर्षी पॉलिश करतो. तुम्ही कराल का, हा प्रश्न स्वतःला विचारा, सुताराला नको.

टाइल किंवा कडप्पा: हसू नका, हा प्रश्न मला तीन वेळा आलाय. गाडीची बॉडी खड्ड्यात पिळते, टाइल पिळत नाही. आधी ग्राउट, म्हणजे टाइलच्या सांध्यातला भराव, तडकतो, मग टाइल. शिवाय वजन, ते खाली बघा.

रबर शीट: घसरत नाही, आवाज कमी करते, सामान ठेवायच्या मागच्या भागात उत्तम. राहायच्या भागात उन्हात वास येतो आणि काळा रंग धूळ दाखवतो.

मग तुम्ही काय बसवलंत?

पहिल्यांदा एसपीसी, कारण घराचं काम चालू होतं आणि तीन पेट्या उरल्या होत्या. दुसऱ्यांदा दोन मिमीची एकसंध व्हिनाइल शीट, बसमध्ये वापरतात तसली, करड्या रंगाची, बारीक दाणे असलेली. बायको म्हणाली, “एसटीत बसल्यासारखं वाटतंय.” वाटतं खरं. पण चार पावसाळे झाले, शीट जागची हललेली नाही.

वजनाचा एवढा बाऊ कशाला? चार पट्ट्यांनी काय होतंय?

हिशेब करून बघू. आमच्या गाडीत फर्निचरखालची धरून सुमारे ७ चौरस मीटर, म्हणजे ७५ चौरस फूट जमीन आहे. दोन मिमीची व्हिनाइल शीट चौरस मीटरला साधारण ३ किलो भरते: एकूण २१ किलो. आठ मिमीचं लॅमिनेट ७ किलोच्या आसपास: ५० किलो. पाच मिमीची एसपीसी १० किलोपर्यंत जाते: ७० किलो. टाइल आणि तिचं अॅडेसिव्ह धरून २२ ते २५ किलो: दीडशेच्या वर. वीस मिमीचा कडप्पा घातलात तर पावणेचारशे किलो, म्हणजे पाच-सहा माणसं कायमची गाडीत झोपवून ठेवल्यासारखं.

आणि हे सगळं प्लायच्या वरचं. बारा एमएम प्लाय चौरस मीटरला ८ किलो धरा, अठरा एमएम १२ किलो. शीट आणि बारा एमएम मिळून ७७ किलो. एसपीसी आणि अठरा एमएम मिळून १५४. बरोबर दुप्पट. त्या फरकात पाण्याची अख्खी टाकी बसते.

काम सुरू करायच्या आधी गाडी वजनकाट्यावर घालून पावती घ्या, काम संपल्यावर पुन्हा घ्या. पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा काट्यावर चढवून मोजायला सांगा. आरसीवर लिहिलेल्या वजनाच्या आत असणं पुरेसं नाही. मागच्या अॅक्सलवर सगळा भार गेला तर टायर आणि स्प्रिंगचे पाटे आधी बोलतात.

घरची एसपीसी उरली आहे. वापरू का?

वापरा, पण तीन गोष्टी पाळून. एक, ती तरंगती ठेवा, म्हणजे खाली चिकटवू नका. दोन, तिच्यावरून कपाट किंवा बेडची फ्रेम स्क्रूने दाबू नका. तीन, चारही बाजूंना जागा सोडा. आम्ही तिसरी पाळली, दुसरी विसरलो.

झालं असं: ओट्याचं कपाट एसपीसीवर ठेवून आरपार प्लायमध्ये स्क्रू मारले. जानेवारीत सगळं ठीक. मे महिन्यात गाडी सोलापूरला दिवसभर उन्हात उभी राहिली. संध्याकाळी दार उघडलं तर मधल्या वाटेतल्या दोन पट्ट्या तंबूसारख्या उभ्या. एका बाजूला ओट्याने धरलं होतं, दुसऱ्या बाजूला बेडने; मधली पट्टी पसरून जाणार कुठे? रात्री गार झाल्यावर ती बसली, पण सांध्याचं जिभेसारखं टोक तुटलं होतं. तिथून पुढे पाऊल पडलं की कट्‌ असा आवाज.

चारी बाजूंना गॅप किती सोडायचा?

पीव्हीसी (व्हिनाइल म्हणजे तेच) तापल्यावर लोखंडाच्या कितीतरी पट पसरतं. महाबळेश्वरची डिसेंबरची पहाट आणि विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी बंद गाडीच्या आतला भाग, यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. चार मीटर लांबीची साधी पीव्हीसीची पट्टी एवढ्या फरकात ८ ते १० मिमी लांब होते. तेवढ्याच लांबीचा पोलादी पत्रा दोन मिमीही नाही. एसपीसीत चुनखडी असल्यामुळे ती जरा कमी पसरते, पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

सुताराला मिमीत सांगू नका, सुतात सांगा: “चारी बाजूंना तीन सूत मोकळं सोड.” तीन सूत म्हणजे साडेनऊ मिमी. त्यावर बीडिंग येईल ती भिंतीला ठोका, फ्लोअरिंगला नको. आमच्याकडे एका मिस्त्रीने गॅप नीट सोडला आणि मग ‘धूळ जाईल’ म्हणून तो सिलिकॉनने गच्च भरून टाकला! काळजीपोटी केलं, त्यामुळे रागावताही येईना.

चिकटवलेल्या शीटला एवढा गॅप लागत नाही, एक सूत पुरतो, कारण गोंद तिला धरून ठेवतो. म्हणून गोंद महत्त्वाचा.

गोंद कोणता? सुतार म्हणतो एसआर लावू, जगात काही निघत नाही.

एसआर म्हणजे रबरी कॉन्टॅक्ट अॅडेसिव्ह. सनमायकाला ते उत्तम, मऊ व्हिनाइलला नाही. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. ते हळूहळू खाली उतरतं आणि रबरी गोंदाला मऊ, चिकट चिखलासारखं करून टाकतं. मग उन्हाळ्यात शीट सरकते, फुगे येतात आणि दाराशी काळपट चिकट रेघ बाहेर येते. व्हिनाइलसाठी वेगळा अॅक्रिलिक गोंद मिळतो, फ्लोअरिंगच्या दुकानात ‘व्हिनाइल अॅडेसिव्ह’ म्हणून मागा. दातेरी करणीने पातळ ओढायचा, दुधी रंग जाऊन तो पारदर्शक झाला आणि बोटाला चिकटून बोटावर न आला की शीट सोडायची. घाई केली तर खालची वाफ अडकते.

शीट दाबायला जड रोलर वापरतात. आमच्याकडे नव्हता. घरचं लाटणं आणि अंगाचं वजन वापरलं. त्या लाटण्यावरून पुढे जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

जुना फ्लोअर कुठवर उखडायचा? वरून नवीन टाकलं तर?

पत्र्यापर्यंत. या एका प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

फ्लोअरिंगचा खरा खर्च वर दिसणाऱ्या दोन मिमीचा नसतो, खालच्या पत्र्याचा आणि प्लायचा असतो. वरची शीट नावडली तर एका दिवसात बदलता येईल. खालचा पत्रा गंजून सडला तर फर्निचरसकट सगळं बाहेर. जुन्या गाडीत सीटांच्या बोल्टपाशी, मागच्या चाकांच्या कमानींच्या मुळाशी आणि दाराच्या पायरीखाली गंज हमखास असतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर तिथे रंग लावून भागणार नाही, पत्रा कापून नवीन वेल्ड करावा लागेल.

नुसता वरवरचा गंज असेल तर वायर ब्रशने घासा, रस्ट कन्व्हर्टर लावा, वाळू द्या, मग इपॉक्सी प्रायमर आणि वर रंग. सांध्यांना पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, सीलंट. हे सगळं करण्याआधी एक परीक्षा घ्या: उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्रं पसरा, दारं-खिडक्या बंद करा आणि बाहेरून पाइपने अर्धा तास पाणी मारा. कुठला कागद आधी भिजतो ते बघा. आमच्याकडे पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यापासचा भिजला. काचेचं रबर बदललं आणि मगच पुढे गेलो. वरून पाणी येत राहणार असेल तर खाली कितीही भारी प्लाय टाका, काही उपयोग नाही.

प्लाय कोणता घेऊ? ‘मरिन’ म्हणून सगळेच देतात.

आयएस ७१० चा शिक्का आणि आयएसआय खूण असलेला बघा. दुकानात त्याला नुसतं ‘सेव्हन टेन’ म्हणतात. या मानकात प्लाय ७२ तास उकळून बघतात, थर सुटता कामा नयेत. दर्जाने त्याच्या खालचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा), आयएस ३०३, स्वयंपाकघरातल्या कपाटांना चालतो. गाडीच्या जमिनीला मी सेव्हन टेनच घेईन. नुसत्या तोंडी ‘मरिन’वर विसंबू नका. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मी शिक्का बघायला मागितला तेव्हा एका दुकानदाराने गठ्ठ्याच्या मधला बोर्ड ओढून दाखवला, दुसऱ्याने चहा मागवला. पहिल्याकडून घेतला.

जाडी बारा एमएम. खालचा पत्रा नालीदार असल्यामुळे आधार थोड्या थोड्या अंतरावर मिळतो, अठराची गरज नाही. नऊ एमएम पायाखाली दबतो.

आणि प्लाय बसवण्याआधी दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना पीयू किंवा इपॉक्सीचे दोन हात द्या. पाणी प्लायच्या सपाट बाजूने फारसं शिरत नाही, कडेने शिरतं. सुतार म्हणेल ‘सेव्हन टेनला कशाला?’ तरी द्या.

मध्ये इन्सुलेशन हवंच का?

हिमाचलला जायचं असेल तर हवं. नुसतं कोकण आणि घाटमाथा करणार असाल तर उष्णता मुख्यतः छतातून येते, पैसे आधी तिथे घाला. फ्लोअरखाली दहा मिमीचा एक्सपीएस, म्हणजे दाट फोमचा बोर्ड, पुरे. साधं थर्माकोल मात्र नको: दाणे चुरडतात आणि प्रत्येक पावलाला कच-कच आवाज येतो. शिवाय उंची लक्षात घ्या. ट्रॅव्हलरमध्ये माझ्या डोक्यावर चार बोटं जागा होती. एक्सपीएस, प्लाय आणि शीट मिळून जवळपास अडीच सेंटीमीटर गेले. माझा मेहुणा सहा फूट आहे, तो आता आत मान वाकवून उभा राहतो आणि दर वेळी माझ्याकडे बघतो.

प्लायला स्क्रू कुठे मारायचे?

शक्य तितके कमी. पत्र्यात पाडलेलं प्रत्येक भोक ही गंजाची पुढची जागा. आम्ही दुसऱ्यांदा प्लाय पीयू अॅडेसिव्हने चिकटवला, वर वाळूच्या गोण्या ठेवून रात्रभर दाबून ठेवला आणि सीटांच्या जुन्या बोल्टांची भोकं वापरून मोजके एसएस (स्टेनलेस स्टील) बोल्ट आरपार घेतले. उरलेली भोकं आतून-बाहेरून बंद.

पहिल्या खेपेची गोष्ट सांगतो. सुताराने पस्तीस एमएमचे स्क्रू दणादण मारले. प्लाय बारा, एक्सपीएस दहा, म्हणजे स्क्रूचं टोक पत्र्याखाली सेंटीमीटरभर बाहेर. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक गाडीखाली झोपला आणि त्याने मला हाक मारली. ब्रेकच्या पाइपच्या शेजारी, दोन बोटांच्या अंतरावर, एक चकचकीत नवा स्क्रू डोकावत होता. सुताराचा दोष नाही. तो घरात काम करतो, त्याच्या जमिनीखाली डिझेलची टाकी नसते. सांगायला मी हवं होतं.

तेव्हा आधी गाडीखाली जा. टाकी, ब्रेक पाइप, वायरिंग, एसीच्या नळ्या कुठून जातात ते बघा. ते खडूने वर आणायचं कसं? सीटच्या बोल्टचं एखादं भोक वरूनही दिसतं आणि खालूनही. त्या भोकापासून खाली मोजा, तेच माप वर टाका. जिथे काही आहे तिथे लाल खडूने चौकट मारा आणि सुताराला सांगा: लाल चौकटीत ड्रिल चालवायचं नाही.

माणसं बसतात त्या सीटा प्लायला बसवल्या तर चालतील?

नाही. चालत्या गाडीत ज्या सीटवर माणूस पट्टा लावून बसणार, तिचे बोल्ट प्लायमधून आरपार जाऊन खाली गाडीच्या मूळ धातूच्या आधारावर, जाड प्लेटसह आवळलेले हवेत. नुसत्या प्लायमधला स्क्रू अपघातात बुचासारखा उपटून येतो. हे काम सुताराचं नाही, फॅब्रिकेटरचं आहे.

आधी फर्निचर की आधी फ्लोअर?

शीट किंवा चिकटवलेल्या पट्ट्या असतील तर आधी फ्लोअर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, मग त्यावर फर्निचर. पाण्याचा पाइप सुटला तरी पाणी कपाटाखाली प्लायमध्ये न जाता दाराकडे येतं आणि दिसतं. तरंगती एसपीसी असेल तर उलटं: आधी फर्निचर प्लायला, मग फक्त मोकळ्या वाटेत पट्ट्या.

एकसंध शीट कापायची कशी? चाकाच्या कमानी, खांब, पायरी, सगळं वाकडं.

कागदाचा साचा करा. पुस्तकांना घालतात तो खाकी कागद आणि मास्किंग टेप. तुकडे जोडत जोडत संपूर्ण जमीन झाका. कडेला कागद मुद्दाम दोन इंच आत ठेवा आणि मग छोट्या छोट्या पट्ट्या कमानीला, खांबाला टेकवत वर चिकटवत जा. कागदाला जागोजागी चौकोनी खिडक्या कापून त्यावरून टेप मारला की तो सरकत नाही. सगळं मिळून एक भलामोठा नकाशा तयार होतो. तो बाहेर, गच्चीवर शीटवर पसरून आखायचा. कापण्याआधी साच्यावर ‘वरची बाजू’ लिहा. मी लिहिलं नव्हतं. साचा उलटा ठेवून आखणी केली होती, सोसायटीतल्या एका शाळकरी मुलाने विचारलं, “काका, दार डावीकडे आहे ना?” तेव्हा लक्षात आलं. कटर हातातच होता.

शीट कापण्याआधी दोन तास उन्हात उलगडून ठेवा, गुंडाळीची सवय जाते आणि ती मऊ होते. कड आधी एक सूत मोठी ठेवून आत बसवा आणि जागेवर थोडी थोडी कापा.

इंजिनाच्या झाकणावर शीट लावू का?

पुढच्या दोन सीटांमध्ये झाकण असलेली गाडी असेल तर तिथे नको. ते तापतं आणि मेकॅनिकला उघडायचं असतं. मूळ रबर कव्हर राहू द्या, त्याच्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी मारून शीट तिथेच संपवा. दाराच्या पायरीवरही अशीच खाचांची पट्टी लागते, नाहीतर पहिली कड तिथूनच उसवते.

फ्लोअरला एक भोक आधीपासून आहे, सिलिंडरच्या कपाटात. बुजवू का?

अजिबात नाही! हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो फार कमी जण विचारतात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो छताकडे जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा साचतो. सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला असलेलं भोक त्याला बाहेर वाहून जाण्यासाठीच ठेवलेलं असतं. नवीन प्लाय आणि शीट टाकताना ते भोक तेवढ्याच मापाचं वरपर्यंत आणा, खाली जाळी लावा. ते चाकाच्या किंवा सायलेन्सरच्या तोंडाशी नको. तुमच्या गाडीत असं भोक नसेल आणि आत सिलिंडर ठेवणार असाल तर ते पाडून घ्या.

बाथरूमचं काय?

तिथे फ्लोअरिंग नाही, एफआरपीचा (फायबरग्लासचा) ट्रे. एका तुकड्यात, कडा वर वळवलेल्या, उताराच्या बाजूला निचरा.

आरटीओ काही म्हणेल का?

नुसती शीट बदलली म्हणून सहसा कोणी विचारत नाही. पण सीटा काढल्या, बेड बसवले, म्हणजे आसनसंख्या बदलली. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबाबत आहे आणि असा बदल आरसीवर चढवूनच घ्यावा लागतो. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आतल्या वस्तूंच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ आहे. शीट घेताना दुकानदाराकडे तसा कागद मागा. बसच्या शीटचा असतो, घरगुती रोलचा बहुधा नसतो. आम्ही बसची शीट निवडायचं हेही एक कारण.

पावसाळ्यात काम काढू का?

नको. पत्रा आणि प्लाय कोरडे असताना बंद करायचे असतात. जुलैत बंद केलेली ओल ऑक्टोबरात बाहेर येत नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत बरा काळ.

भाऊ अमेरिकेत आहे, त्याच्या मोटरहोमला भिंतीतून बाहेर सरकणारा भाग (स्लाइड-आउट) आहे. त्याला हेच लागू पडतं का?

बरंचसं पडतं, पण स्लाइड-आउटचा प्रश्न वेगळा. तो भाग आत येताना मुख्य जमिनीवरून सरकतो, काही गाड्यांत त्याखाली रोलर असतात. नवीन फ्लोअर जुन्या कार्पेटपेक्षा जाड झाला तर तो घासतो. पातळ झाला तर खाली फट पडते. कार्पेट काढण्याआधी स्लाइड आत घेऊन, त्याच्या कडेखाली किती जागा राहते ते मोजून लिहून ठेवायला सांगा. दुसरं, तिकडे हिवाळाभर गाडी गोठणाऱ्या थंडीत बंद पडून असते. आपल्याकडे पट्ट्या पसरून उभ्या राहतात, तिकडे आकसून त्यांच्यात फटी पडतात. कारण तेच, फक्त उलट्या दिशेचं.

पुसायचं कशाने?

पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. फिनाइल, थिनर, रॉकेल नको. दाराशी रबरी पायपुसणं ठेवू नका: रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पडतो, जो कशानेच जात नाही. आमच्या दाराशी असा एक आयताकृती डाग आहे. त्यावर आता कायमची सुती सतरंजी असते.

चालताना कुरकुर आवाज येतो. कुठून?

दोन जागा बघा. प्लायच्या दोन तुकड्यांमधला सांधा: तिथे कडा एकमेकींना घासतात, दोन मिमीची फट ठेवून पीयू भरलं असतं तर आला नसता. दुसरी, प्लाय आणि पत्र्याच्या मधली पोकळी, जिथे गोंद पोचला नाही. रात्री इंजिन बंद करून, अनवाणी, एकाने हळूहळू चालायचं आणि दुसऱ्याने जमिनीला कान लावून झोपायचं. आमच्याकडे कान लावायचं काम मुलीने केलं. तिने खडूने फुली मारली, आम्ही तिथे बारीक भोक पाडून सिरिंजने पीयू भरलं. दुसऱ्या दिवशी कुरकुर गेली, पण आता तिथून तीन फुटांवरून येते.